फॉन्ट ओळखण्याच्या खेळात गुण वाढतात, पण पानासाठी फॉन्ट निवडता येत नाही. मग खेळाचा उपयोग काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण मजकुराची पाने मांडण्याचे काम नुकतेच सुरू केले आहे, टाइपफेसची, म्हणजे अक्षरवळणांची, ओळख व्हावी म्हणून संगणकावर फॉन्टची नावे ओळखण्याचा एक खेळ काही आठवडे नियमित खेळत आहात, त्यातले गुण चांगले वाढले आहेत, आणि तरीही प्रत्यक्ष पान मांडायला बसलात की हात त्याच दोन-तीन परिचित फॉन्टकडे जातो. अशा खेळांचा खरोखर उपयोग होतो का, होत असेल तर कोणता खेळ कसा खेळावा, देवनागरीसाठी त्यांतून काही हाती लागते का आणि रोज किती वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे अक्षरांची आखणी आणि मजकुराची मांडणी करतो व नवशिक्यांना ती शिकवतो. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

आपली अडचण खेळात नाही आणि आपल्या नजरेतही नाही. टाइपफेसच्या ज्ञानात किमान तीन निरनिराळी कौशल्ये असतात: नाव आठवणे, दोन अक्षरवळणांतला फरक दिसणे, आणि त्या फरकाचा वाचकावर काय परिणाम होईल हे ठरवणे. आपण खेळता त्या खेळात पहिल्या कौशल्याचा सराव होतो, दुसऱ्याचा थोडासा होतो आणि तिसऱ्याचा जवळजवळ होतच नाही. पान मांडताना मात्र तिसरेच कौशल्य लागते. म्हणून गुण वाढूनही निवड सुधारत नाही, यात नवल नाही.

काय शिकायचे, हे अर्थातच आपल्या कामावर अवलंबून आहे. एखाद्याकडे जुन्या छापील साहित्याची पुनर्मांडणी येत असेल आणि मूळ फॉन्ट शोधून काढायचा असेल, तर नाव ओळखणे हेच त्याचे काम आहे आणि नावांचा खेळ त्याला थेट उपयोगी पडेल. ज्याला स्वतः अक्षरे आखायची आहेत त्याने वक्ररेषा हाताळण्याचे खेळ आधी खेळावेत. आपण पुस्तके आणि अहवाल मांडता असे लिहिले आहे, त्यामुळे पुढचे उत्तर मी त्या दृष्टीने देतो. पडद्यावरच्या बटणांची आणि सूचनांची मांडणी करणाऱ्याला यातले काही मुद्दे वेगळे लागतील.

नाव ओळखणे आणि फरक दिसणे यांतले अंतर हेल्व्हेटिका आणि एरियल या फॉन्टच्या जोडीवरून सर्वांत स्पष्ट होते. हेल्व्हेटिका १९५७ साली स्वित्झर्लंडच्या हास या अक्षर-ओतशाळेत माक्स मीडिंगर आणि एदुआर्ड हॉफमन यांनी घडवला. तेव्हा त्याचे नाव नॉय हास ग्रोटेस्क होते. एरियल १९८२ साली मोनोटाइप कंपनीत रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी तयार केला, आणि त्यातील अक्षरांच्या रुंद्या हेल्व्हेटिकाशी जुळणाऱ्या ठेवल्या गेल्या. त्यामुळे ओळ कुठे तुटते किंवा शब्द किती लांब दिसतो यावरून हे दोन फॉन्ट वेगळे करता येत नाहीत, आणि अक्षरांच्या आतच पाहावे लागते. हेल्व्हेटिकात कॅपिटल 'आर'चा पाय जवळजवळ सरळ खाली उतरतो, एरियलमध्ये तो तिरका जातो. हेल्व्हेटिकाच्या कॅपिटल 'जी'ला उजवीकडे खाली टाचेसारखा भाग असतो, एरियलच्या 'जी'ला तो नसतो. हेल्व्हेटिकाच्या स्मॉल 'टी'चा माथा आडवा कापलेला असतो, एरियलचा तिरका. खेळाडू सहसा यांतली एखादी खूण पाठ करतो आणि पुढे सरकतो. यांतल्या शेवटच्या खुणेमागे एक व्यापक तत्त्व आहे, आणि शिकण्यासारखे तेच आहे: हेल्व्हेटिकात रेघांची टोके आडव्या किंवा उभ्या रेषेत कापलेली आहेत, त्यामुळे स्मॉल 'सी', 'एस', 'ई' ही अक्षरे स्वतःत मिटलेली दिसतात, तर एरियलमध्ये तिरक्या कापांमुळे ती किंचित सैल होतात. हे एकदा दिसले की तिसऱ्या, कधीही न पाहिलेल्या फॉन्टबद्दलही बोलता येते. नुसत्या 'आर'च्या पायावरून ते जमत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की खेळ तोच ठेवा, पण उत्तर देण्याची पद्धत बदला. पर्यायावर बोट ठेवण्यापूर्वी एक पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणा किंवा शेजारच्या कागदावर लिहा, आणि त्या वाक्यात फॉन्टचे नाव नसावे. उदाहरणार्थ, "गोल अक्षरांचा जाड भाग बरोबर मध्यावर नसून किंचित तिरका आहे, आणि सेरिफ खांबाला हलक्या वळणाने जोडलेले आहेत." (सेरिफ म्हणजे रेघांच्या टोकांना असलेले छोटे फाटे, आणि खांब म्हणजे अक्षराची उभी रेघ.) मग उत्तर पाहा. उत्तर गॅरामाँ निघाले, तर आपण लिहिलेले वाक्य सोळाव्या शतकातल्या फ्रेंच वळणांचे वर्णन होते हे कळेल, आणि तो तिरकेपणा रुंद टोकाच्या लेखणीमुळे आला हेही लक्षात राहील. उत्तर बोडोनी निघाले तर आपले वाक्यच चुकले होते, कारण त्यात जाड-बारीक रेघांचा फरक तीव्र असतो, जाडीचा अक्ष उभा असतो आणि सेरिफ केसासारखे बारीक, खांबाला कसलेही वळण न घेता काटकोनात भिडलेले असतात. चूक नावाची आहे की निरीक्षणाची, हे वाक्य लिहिल्याशिवाय समजत नाही. खेळ फक्त 'चूक' एवढेच सांगतो. चूक कुठे झाली ते आपल्या कागदावरून कळते. यामुळे एका बैठकीत होणारे प्रश्न खूप कमी होतील. ते होऊ द्या.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या क्रमाची. अनेक शिकाऊ मंडळी आधी एका कुळातले सगळे फॉन्ट पाहतात, मग दुसऱ्या कुळाकडे वळतात, आणि तसे करताना शिकणे फार सुरळीत चालले आहे असे त्यांना वाटते. २००८ साली नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी चित्रकारांच्या शैलींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. सहभागी व्यक्तींना बारा चित्रकारांची निसर्गचित्रे दाखवली गेली; काही चित्रकारांची चित्रे सलग, तर काहींची इतरांच्या चित्रांत मिसळून. नंतर आधी न पाहिलेली चित्रे समोर ठेवली, तेव्हा मिसळून पाहिलेल्या चित्रकारांची शैली अधिक चांगली ओळखली गेली. आणि तरीही बहुतेकांना सलग पाहिल्यानेच आपण अधिक शिकलो असे वाटत होते. अक्षरवळणे ही शैलीच असल्यामुळे हा निष्कर्ष मी माझ्या शिकवण्यात सरळ वापरतो. खेळात कुळनिहाय फेऱ्या असतील तर त्या टाळा आणि सरमिसळ असलेली फेरी निवडा. गुण सुरुवातीला खाली येतील, आणि बैठक संपल्यावर काही शिकलो असे कदाचित वाटणार नाही.

आता हाताने करण्याच्या खेळांविषयी. निवड शिकायची असेल तर नावांच्या खेळापेक्षा मी यांना कितीतरी वरचे स्थान देतो. कर्न टाइप या खेळात शब्दातली अक्षरे डावी-उजवीकडे सरकवून त्यांच्यामधली जागा डोळ्यांना सारखी वाटेल अशी करायची असते. मग एका जाणकाराने केलेल्या मांडणीशी तुलना होऊन १०० पैकी गुण मिळतात. शेप टाइप हा त्याच धर्तीचा खेळ अक्षराच्या वक्ररेषेवर चालतो: अक्षराचा एक भाग विस्कटलेला असतो आणि हँडल (वळण बदलणारी टोके) ओढून तो मूळ आकाराजवळ न्यायचा असतो. या दोन्हींत नाव कुठेच विचारले जात नाही. मोजपट्टीने समान असलेले डोळ्यांना समान दिसत नाही, ही टाइपफेसमधली सर्वांत मूलभूत गोष्ट इथे हातालाच कळते. 'ए' आणि 'व्ही' यांच्या तिरक्या बाजू एकमेकींत शिरवाव्या लागतात, दोन उभ्या खांबांमध्ये जागा जास्त द्यावी लागते, दोन गोल अक्षरे अधिक जवळ आणावी लागतात. 'ओ' हे अक्षर 'एच'च्या उंचीइतकेच काढले तर लहान दिसते, म्हणून ते वर आणि खाली किंचित बाहेर काढलेले असते. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड ठेवली तर जास्त जाड भासते, म्हणून ती बारीक केलेली असते. पाउल रेनर यांचा १९२७चा फ्युचुरा कंपास-पट्टीने काढल्यासारखा दिसतो, पण गोल भाग खांबाला मिळतो तिथे त्यातही रेघ बारीक केलेली आहे. एखादे अक्षर स्वतः ओढून नीट बसवून पाहिलेल्या माणसाला चांगला फॉन्ट आणि घाईने केलेला फॉन्ट यांतला फरक दाखवून द्यावा लागत नाही. आणि पानासाठी निवड करताना आपल्याला बहुधा याच फरकाचा निर्णय घ्यायचा असतो.

या खेळांच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. कर्न टाइपमधले उत्तर हे एका व्यक्तीचे सुविचारित मत आहे. तिथे ९० गुण मिळाले आणि आपल्याला आपली मांडणी अधिक बरी वाटली, तर दोन्हींची चित्रे शेजारी ठेवून, उलटी करून पाहा. उलट्या शब्दात अर्थ वाचला जात नाही, नुसती मोकळी जागा दिसते. शिवाय आजच्या चांगल्या फॉन्टमध्ये जोड्यांचे अंतर आतच भरलेले असते, त्यामुळे सलग मजकुरात आपण हाताने अक्षरे सरकवणार नाही. तो सराव मोठ्या शीर्षकांसाठी आणि फॉन्टची पारख करण्यासाठी आहे.

नावांच्या खेळात याहून मोठी उणीव असते, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. बहुतेक खेळ प्रत्येक फॉन्टसाठी तोच नमुना शब्द, त्याच आकारात दाखवतात. काही दिवसांनी आपण फॉन्ट ओळखत नसतो, तर ते विशिष्ट चित्र ओळखत असतो. पॉइंटचा, म्हणजे अक्षराच्या मापाचा, आकडा सारखा असला तरी गॅरामाँ लहान दिसतो आणि व्हर्दाना मोठा, कारण तो आकडा छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळापासून अक्षराभोवतीच्या चौकटीचे माप सांगतो, दिसणाऱ्या अक्षराचे नाही; स्मॉल 'एक्स'ची उंची प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी असते. खेळाडू नकळत याच उंचीवरून उत्तर देऊ लागतो. ज्या खेळात शब्द आणि आकार दर वेळी बदलतात तो निवडा. घड्याळ लावलेले खेळ सुरुवातीला टाळा, कारण वेळ कमी असला की पाठ केलेली खूण शोधण्यापलीकडे माणूस जात नाही.

इतिहास समजण्यासाठी २०१३ साली आलेला टाइप:रायडर हा खेळ आवर्जून खेळा. त्यात दोन ठिपक्यांना घेऊन गॉथिक, गॅरामाँ, दिदो, क्लॅरेन्डन, फ्युचुरा अशा टप्प्यांतून प्रवास करायचा असतो, आणि कोणते वळण कोणत्या काळात, कोणत्या छपाईतंत्राबरोबर आले याचा क्रम मनात पक्का होतो. फरक पाहण्याचा सराव त्यातून होत नाही. तो हेतूही नाही.

देवनागरीबद्दल आपण विचारले, ते मला विशेष आवडले. वर सांगितलेले खेळ रोमन लिपीसाठी आहेत आणि त्यांतले कौशल्य देवनागरीत जसेच्या तसे उतरत नाही. अक्षरे सरकवण्याचा खेळच घ्या. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. एखादे अक्षर बाजूला सरकवले की शिरोरेषा तुटते किंवा एकावर एक चढते. त्यामुळे अंतराचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे फॉन्ट घडवणाऱ्याच्या हाती राहतो, आणि तो नीट घेतला आहे की नाही, हे मांडणी करणाऱ्याने तपासायचे असते. त्यासाठी 'गवगवा' आणि 'दरड' हे शब्द एकाखाली एक लावा. पहिल्यात उभे दंड ओळीने उभे आहेत, दुसऱ्यात पूर्ण उंचीचा दंडच नाही आणि पांढरी जागा खाली साठते. चांगल्या फॉन्टमध्ये डोळे किलकिले करून पाहिले तर दोन्ही शब्दांची करडी छटा बरीच जवळ येते. कच्च्या फॉन्टमध्ये पहिला शब्द काळवंडतो आणि दुसरा विरळ पडतो.

जाड-बारीक रेघांचा हिशेबही वेगळा आहे. बोरूच्या टोकाचा तिरका काप रोमन लेखणीच्या उलट दिशेने असल्यामुळे देवनागरीत जाडी ज्या कर्णावर येते तो कर्ण रोमनच्या उलट असतो. गॅरामाँमध्ये तिरका अक्ष ओळखायला शिकलेली नजर देवनागरीकडे वळवताना हे मुद्दाम ध्यानात ठेवावे लागते, नाहीतर पारंपरिक वळणाचा उत्तम फॉन्टही विचित्र वाटू शकतो. याशिवाय देवनागरीची परीक्षा शिरोरेषेच्या वर आणि पायाच्या खाली होते. 'सर्वांत' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी येतात. ते एकमेकांना चिकटतात की शेजारी सुटे बसतात? 'राष्ट्रीय', 'शुद्ध', 'तऱ्हा' या शब्दांत जोडाक्षर सुबक आहे की हलन्त लावून वेळ मारून नेली आहे? अ, झ, ण ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे आकडे कोणत्या वळणाचे आहेत? मराठीतले ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून वेगळे असतात, आणि काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच ती वळणे दिसतात. टिरो देवनागरी हा फॉन्ट तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन स्वतंत्र आवृत्त्यांत मिळतो. त्या तिन्हींत एकच परिच्छेद लावून फरक शोधणे हा देवनागरीसाठी मला माहीत असलेला सर्वांत सोपा आणि उत्तम सराव आहे.

निवडीचा खेळ आपल्याला स्वतःच तयार करावा लागेल, पण त्याला फारसे काही लागत नाही. मुक्त परवान्याने मिळणारे फॉन्ट घ्या: देवनागरीसाठी नोटो सान्स, मुक्ता, बालू आणि टिरो पुरेसे आहेत. आपल्याकडे आलेल्या खऱ्या कामातला एक परिच्छेद प्रत्येकात लावा. पॉइंटचा आकडा सारखा न ठेवता अक्षरे दिसायला सारख्या उंचीची होतील असे आकार ठेवा, ओळींमधले अंतरही त्यानुसार जुळवा, आणि कागदावर छापून नावे पानामागे लिहा. पडद्यावर पारख करू नका, कारण आपले काम कागदावर जाणार आहे आणि शाई बारीक रेघांचे काय करते ते कागदावरच कळते. मग सहकाऱ्याला पाने मिसळायला सांगा आणि एक नेमके काम ठरवा: वृद्ध वाचकांसाठी दीर्घ मजकूर, आकड्यांनी भरलेला तक्ता, किंवा एका ओळीचे शीर्षक. नाव न पाहता एक पान निवडा आणि कारण लिहा. कारणात "छान दिसते" असे शब्द आले तर ते खोडून पुन्हा लिहा. "अनुस्वार मोठा आणि सुटा आहे, उकार खालच्या ओळीला लागत नाही, थ आणि य यांत घोटाळा होत नाही" अशा प्रकारचे कारण हवे. शेवटी पान उलटून नाव पाहा.

याचा आणखी कठीण प्रकार म्हणजे सहकाऱ्याने परिच्छेदातला एकच शब्द मिळत्याजुळत्या दुसऱ्या फॉन्टमध्ये लावायचा आणि आपण तो शोधायचा. नोटो सान्सच्या मजकुरात मुक्ताचा एक शब्द शोधताना शिरोरेषेची जाडी, गाठींचा आकार आणि वेलांटीची गोलाई यांकडे जितके लक्ष जाते तितके एरवी कधी जात नाही. द्विभाषिक पानांसाठी हाच खेळ रोमन-देवनागरी जोडीवर खेळा: रोमन शब्द देवनागरीच्या ओळीत बसवल्यावर तो अंगाने लहान, मोठा किंवा काळा दिसतो का, हे पाहा.

राहिला वेळेचा प्रश्न. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि एका दिवशी दोन तास बसण्यापेक्षा ती अधिक लाभतात, कारण नजर थकली की सगळी अक्षरे सारखी दिसू लागतात. नावांचा खेळ आठवड्यातून दोनदा, वाक्य लिहून. हाताचे खेळ दोनदा. आणि छापील पानांचा निवडीचा खेळ दर नव्या कामाच्या सुरुवातीला एकदा, त्या कामातलाच परिच्छेद घेऊन. फॉन्टचे नाव माहीत नसतानाही त्याबद्दल तीन-चार नेमकी वाक्ये सहज लिहिता येऊ लागली, की नावांचा खेळ बंद करायला हरकत नाही. निवडीचा खेळ मात्र मी आजही प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला करतो, आणि आपल्या पुढच्या अहवालाची सुरुवातही आपण त्यानेच करावी.